झाकल्या ताटाचं उद्यापन

लोधीपुरा, बुऱ्हाणपूर
६ जानेवारी १९५७

प्रिय मंगल,

सप्रेम नमस्कार. पुढचं ‘विनंती विशेष’ तू मनातल्या मनात म्हणून घे. इकडे सगळे बरे आहेत. थंडीनं आईचे गुडघे कुरकुरतात आणि बाबांचं ऑफिस कुरकुरतं. नोव्हेंबरपासून नागपूरच्या फायली भोपाळला पाठवायच्या म्हणून रोज दोऱ्या सोडतात, रोज बांधतात. दारावर बोर्ड नवीन लागलाय. बाबा म्हणतात, “गाव तेच, खुर्ची तीच, ढेकूण पण तेच.” आणि तुझी गंमत बघ. मे महिन्यात लग्न होऊन गेलीस तेव्हा मलकापूर आपल्याच राज्यात होतं. आता तू मुंबई राज्यात. जागेवरून न हलता परमुलखात गेलीस.

हे पत्र तुझ्या आईच्या, मथुराकाकूच्या हाती देतेय. तुझी पहिली संक्रांत, वाण घेऊन ती येणारच होती. टपालानं टाकलं असतं तर आधी तुझ्या मामंजींच्या चष्म्याखालून गेलं असतं. काकूला वाचता येत नाही याचं आज पहिल्यांदा बरं वाटलं. देवा, माफ कर.

तुझं दिवाळीचं कार्ड मिळालं होतं. ‘इकडील सर्व मंडळी खुशाल असून सौ. मंगला आनंदात आहे.’ अगं, मंगला तूच ना? स्वतःबद्दल असं शेजारणीसारखं कोण लिहितं? अक्षर तुझं होतं. वाक्य कुणी सांगितलं ते पण समजलं.

तर मी ठरवलं, या पत्रात आपण दोघी फिरायला जायचं. हस, खुशाल हस. मी हल्ली कथा-बिथा लिहून बघते ना, मोडते, परत लिहिते, तर त्यातलाच एक खटाटोप समज. हे पत्र आमच्या दारातून निघेल, गल्लीतून जाईल, ढाळ उतरेल आणि घाटावर संपेल. तू वाचत वाचत चाल. घाई नको. एक ओळ वाच, पदर सारखा कर, मग पुढची. मला तुला एक गोष्ट सांगायची आहे. ती घाटावर बसल्यावर.

निघालो. आईचा आवाज ऐकू येतो का? “कुठे चालल्या गं?” पहिल्यांदा मी खरं सांगितलं होतं, फिरायला. आई म्हणाली, “फिरायला? काही हरवलं का तुमचं?” बाबा रोज जेवून पानाच्या दुकानापर्यंत जातात, तासभर गप्पा ठोकून येतात, त्यांचं काय हरवलंय ते कुणी विचारत नाही. आपण मात्र कशासाठी तरीच जायचं. दळणाला जायचं, हळदीकुंकवाला जायचं, देवाला जायचं. आणि जायचं तर झरझर जायचं, परत यायचं त्याहून झरझर.

मग तो श्रावणातला दिवस. काकूनं आपल्याला खरोखरचं नैवेद्याचं ताट देऊन घाटावरच्या महादेवाला पाठवलं. जाताना कुणी एक शब्द बोललं नाही. नैवेद्याला टोकायचंच नसतं. बायका बाजूला सरकल्या, सायकलवाला उतरून उभा राहिला. येताना रिकामं ताट आपण तसंच झाकून आणलं, तरी लोक सरकतच होते. तू चौकातच थांबलीस. डोळे बारीक करून म्हणालीस, “कमे, हे खाली आहे हे कुणाला मालूम?”

मंगे, त्या एका वाक्यासाठी तुला बी.ए.ची डिग्री द्यायला पाहिजे होती. मला उगाच दिली.

मग काय, आमचं पितळी ताट आणि मी विणलेला क्रोशाचा रुमाल. मोर विणायला घेतला होता, टाके चुकले आणि त्याला तीन पाय झाले. तू म्हणायचीस, “फिरायला जाणारा मोर आहे, एक पाय जास्तीचा लागतोच.” आपला कायदा पण ठरला होता. जाताना ताट तू धरायचं, येताना मी. तू उजवीकडे, मी डावीकडे. आणि सगळ्यात मोठी चैन म्हणजे हळू चालायचं. नैवेद्य हिंदकळू नये म्हणून पोरी कशा जपून चालतात, असं लोक कौतुकानं बघायचे. रुमालाखाली काय, तर फोडलेला पेरू आणि कागदात मीठ.

बघ, गल्ली आली. विणकरांच्या मागांची खटखट तीच आहे. एक बंद पडला की दुसरा जास्त जोरात वाजतो असं अजून वाटतं. बहादरपूरच्या केळीच्या गाड्या चौकात अडकल्यात, बैल आपल्याकडे बघून राहिले. जिलेबीच्या कढईसमोर तू नेहमीसारखी दोन पावलं जास्तच सावकाश चाललीस. नैवेद्य घेऊन जाणाऱ्या बाईनं जिलेबी घेऊ नये, एवढीच त्या युक्तीत खोट होती.

आता ढाळ. इथेच आपल्याला गल्लीतली धुरपदाबाई भेटली होती. मला अजून तिचा आवाज पाठीत घुसतो. “थांबा वं पोरींनो! रोज रोज जाता, आज मी पण येते दर्शनाले.”

मी घामाघूम. तू मात्र कळसासारखी ताठ. देवळात तिनं मान पुढे काढून म्हटलं, “रुमाल काढ ना वं. देवाले काय मोर दाखवते?” आत अर्धा खाल्लेला पेरू! आणि तू, डोळे मिटून, “मावशी, काढता येत नाही. व्रत आहे. झाकलेलंच दाखवायचं असतं.”

“कोणतं व्रत?”

“झाकल्या ताटाचं.”

“काय मागायचं असते त्याच्यात?”

“ते पण झाकलेलंच ठेवायचं असतं.”

मी वेणी तोंडात कोंबली होती. आणि पुजारीबुवांनी अशी मान हलवली, जसं काही त्यांच्या पोथीत होतंच ते. महिन्याभरात आपल्या गल्लीतल्या बायका हे व्रत धरायला लागल्या. आज तर संध्याकाळी रांग निघते. झाकलेली ताटं घेऊन सावकाश जातात, सावकाश येतात, पायऱ्यांवर बसून सुनांच्या नि सासवांच्या गोष्टी करतात. धुरपदाबाई सगळ्यांच्या पुढे. आपण दोघी नाही, पण आपली चाल गल्लीत राहिली.

तेव्हा आपण हसत घरी आलो. पण धुरपदाबाईच्या मनात तू बसलीस. तिच्या मलकापूरच्या बहिणीला थोरल्या मुलासाठी, म्हणजे तुझ्या सुरेशरावांसाठी, अशीच धर्माची पोरगी पाहिजे होती. आपण ढाळावर भेटलो तेव्हा ताट तुझ्या हातात होतं. येताना भेटलो असतो तर माझ्या हातात असतं. मी यावर कितीदा विचार करते ते सोड.

घाट आला. बस. नदी थंडीतली आहे, पाणी खाली गेलंय, पात्रातल्या दगडी हत्तीची पाठ उघडी पडलीय. त्याच्यावर एक बगळा बसलाय, मालक असल्यासारखा.

सांगते आता.

मागच्या आठवड्यात धुरपदाबाई आमच्याकडे आली. आधी तुझं कौतुक. “मंगीचं नशीब बघ! सासऱ्यानं सुनेसाठी अंगणातच महादेव बसवला. म्हणे, पोर रोज देवाले एवढी चालत जायची, आमच्याकडे तिला एक पाऊल चालायचा त्रास नको. विहीर आत, देव आत, कासारीण पण आतच येते. उंबरा ओलांडायचं काम नाही!”

सगळे वा वा म्हणाले. मी पण म्हणाले. त्यांनी किती प्रेमानं केलंय हे मला दिसत होतं. म्हणून तर मला ओरडता पण येईना.

मग तिनं खरी पिशवी उघडली. तुझ्या धाकट्या दिरासाठी, मधुकररावांसाठी, मला मागणी घातली. “दोघी मैत्रिणी, दोघी जावा. एका चुलीपाशी बसाल.” मधुकरराव येऊन बघून पण गेले. माणूस साधा आहे, आवाज मऊ आहे. मला विचारलं, “तुम्हाला काय आवडतं?” मी म्हटलं, “फिरायला.” ते म्हणाले, “हो, देवाला ना? मावशी सांगत होती.”

आई-बाबांनी माझ्यावर सोडलंय. दुसऱ्या बाजूला खकनारच्या मुलींच्या शाळेत जागा आहे. हिंदीत शिकवायचं, जुलैपासून. तिकडे कुणाची ओळख नाही. इकडे तू.

मी जवळजवळ हो म्हणून टाकलं होतं, मंगे. तू गेल्यापासून मी रोज फिरायला जाते आणि रोज अर्ध्यातून परत येते. उजवीकडे कुणी नसलं की रस्ता उगाच रुंद होतो. रोज तुझ्याशेजारी बसून भाकरी थापायची असेल तर मी चालणं सोडीन असं पण वाटून गेलं. पण मी तिथे येऊन काय होईल? आपण दोघी मिळून चालू, की दोघी मिळून बसू? हे मला इथून दिसत नाही. तुला दिसतं.

तू लिहू नकोस. तू लिहायला बसलीस की कुणीतरी ‘काय लिहितेस’ म्हणणारच. पण तुझ्या लग्नात मी आपलं ताट आणि मोराचा रुमाल तुला दिला होता. काकू परत येताना ताट तिच्याजवळ दे. मी यावं असं वाटत असेल तर मोरानं झाकून पाठव. येऊ नये असं वाटत असेल तर उघडं पाठव. मी कारण विचारणार नाही.

ऊठ आता. येताना ताट माझ्याकडे.

तुझ्या डाव्या बाजूची,
कमल

*

लोधीपुरा, बुऱ्हाणपूर
२७ जानेवारी १९५७

मंगल,

तिळगूळ पोचला, गोड बोलतेय.

काकू परवा आली. मी दारातच उभी होते. तिच्या मांडीवर ताट, आणि ताट झाकलेलं! मी चप्पल न घालताच पायरी उतरले. आनंद होता की धसका, अजून ठरवता येत नाही. मग टांगा जवळ आला आणि दिसलं की रुमाल लाल चौकटींचा आहे.

“काकू, हा कुठला?”

“माझा,” काकू म्हणाली. “मंगी येडी झाली बाई. म्हणे ताट उघडंच ने, कमीच्या हातात उघडंच दे. मी म्हटलं, लेकीच्या सासरहून उघडं ताट घेऊन गाडीत बसू मी? चार लोक काय म्हणतील, पोरीच्या घरी घालायला काही नव्हतं? भुसावळला गाडी बदलताना झाकलं मी.”

बघ, आपण केवढा डाव मांडला होता. उघडं ताट घेऊन तुझी आई प्रवास करणार नाही, हे दोघींच्याही डोक्यात आलं नाही.

“आणि मोराचा रुमाल?”

“तो ठेवून घेतला तिनं. नवा देते म्हटलं, तरी नाही दिला.” मग ताट माझ्या हातात देत काकू म्हणाली, “निघायच्या आधी ताट पुसत बसली होती. इतकी पुसत होती, मी म्हटलं, झिजवते काय वं त्याला.”

मी लाल रुमाल काढला. ताट लख्ख होतं. त्यात मी दिसले आणि मग नीट दिसेनाशी झाले.

तुला जोडीदारीण मिळत होती. एक शब्द पण लिहायचा नव्हता, नुसता रुमाल टाकायचा होता. तू तो काढून ठेवलास. मी कारण विचारणार नाही म्हटलं होतं, विचारत नाही.

संध्याकाळी मी ते ताट घेऊन निघाले. उघडंच. अगं, सगळी गल्ली मला टोकायला लागली! “काय गं, नैवेद्य सांडला का?” “कुत्र्यानं तोंड घातलं का?” “परातीत काय आणायला चालली?” पानवाल्यानं पण विचारलं. मी प्रत्येकाला सांगितलं, “फिरायला.” एकालाही पटलं नाही. पण चालले. पहिल्यांदा अर्ध्यातून परत आले नाही.

ढाळावर धुरपदाबाई, मागे बायकांची रांग. मी तिला बाजूला घेऊन सांगितलं की माझं ‘नाही’ आहे, मी खकनारला शाळेत जाणार.

“खकनारले? जंगलात? आणि माझ्या मधूत काय कमी आहे?”

“काही कमी नाही मावशी. त्यांना चांगली बायको मिळेल.”

“मिळेल तर! तुझ्यासाठी थांबला नाही तो.” ती फणकाऱ्यानं चार पावलं पुढे गेली. मग तिथूनच म्हणाली, “मंगी बिचारी खूश झाली असती. एकटी पडते वं पोर.”

म्हणजे तिला पण दिसतं, मंगे. मला वाटायचं तिला दिसत नाही.

आणि तेव्हा, काय सांगू, माझ्या तोंडातून आपोआप निघालं. तुझ्याच शाळेत शिकलेली ना मी. म्हटलं, “मावशी, मंगलचं उद्यापन राहिलंय.”

धुरपदाबाई गर्रकन वळली. “काय म्हणते?”

“झाकल्या ताटाचं. लग्नाच्या घाईत राहून गेलं.”

“अरे देवा! आणि तू आता सांगते?” मागच्या बायका पण थांबल्या. सगळ्यांचे चेहरे उतरले. व्रत घेतलेलं, उद्यापन नाही, म्हणजे केवढा घोर! धुरपदाबाईनं जरा विचार केला. “मलकापूरच्या महादेवापुढे नाही चालत? घरातच आहे.”

“तो नवीन आहे मावशी. त्याला काय माहीत इकडे काय बोललं गेलं? ज्याला झाकलेलं दाखवलं, त्यालाच उघडून दाखवायचं. इथेच, ह्याच पायऱ्यांवर. आणि पायीच जायचं असतं.”

“बरोबर आहे वं बाई,” ती म्हणाली. “बिल्कुल बरोबर. मी स्वतः जाते तिला घ्यायला. उद्यापनाचं म्हटल्यावर माझी बहीण नाही म्हणणार नाही, आणि जिजाजी तर हात जोडून पाठवतील.” बोलता बोलता तिनं कपाळाला हात लावला आणि तिच्या हातातलं ताट चांगलं तिरपं झालं. त्यातून काही सांडलं नाही. काही घरंगळल्याचा आवाज पण आला नाही. तिनं चटकन माझ्याकडे बघितलं. मी नदीकडे बघत होते.

“चला वं,” ती बायकांना म्हणाली, “सावकाश चला. हिंदकळंल.”

तर हे पत्र तुझ्या हातात येतंय ते असं. ताटात ठेवलंय, वर काकूचा लाल रुमाल. धुरपदाबाईला सांगितलं की हे मंगलच्या व्रताचं ताट आहे, तिनंच उघडायचं. ती गाडीभर मांडीवर घेऊन बसेल आणि एक कोपरा पण उचलणार नाही. तू एकटीनं देवापुढे उघड. अंगणातला महादेव बघेल तर बघू दे. तो पण बिचारा त्या अंगणातून कुठे जात नाही.

येताना ताट मोरानं झाकून आण. तो मला पाठवला नाहीस ते बरं केलंस, आता तुला तो घेऊन यावं लागेल.

उद्यापनाला किती दिवस लागतात, असं मामंजी विचारतील. सांग, पोथीत बघावं लागेल. पोथी मी अजून लिहिलेली नाही. लिहायला घेतलीय. जुलैत खकनारची शाळा उघडेपर्यंत मला दुसरं काम नाही, आणि तू म्हणायचीस तसं मी फार सावकाश लिहिते. आणि दर वर्षी पुन्हा करायचं असतं, असं त्या पोथीत शेवटी येणार आहे, एवढं आत्ताच सांगून ठेवते.

या पत्रातली चाल मी मागच्यासारखी घाटापर्यंत नेत नाही. घरातल्या घरात चप्पल घातलीय. पेरू फोडलाय, मीठ कागदात बांधलंय. आई आतून विचारते आहे, कुठे चालली. मी अजून उत्तर दिलेलं नाही. ते तू दे.

दारात उभी असलेली,
उजवी बाजू मोकळी ठेवलेली,

कमल